मॉलमधलं शिवार

आमच्या गावात प्रत्येक शेताला नाव होतं. सातबाऱ्यावर आता फक्त गट नंबर आहेत. ती सगळी नावं सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, माझी धाकटी काकू, आणि ती इथे अमेरिकेत, ट्रॉय शहरात मुलाकडे राहत होती, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तिची स्मृती हळूहळू जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी मी ठरवलं, शिवाराचा नकाशा पुरा करायचाच. मी रिटायर्ड इंजिनिअर. हात धुऊन मागे लागणं एवढं मला नीट येतं.

आधी मी तिला टीव्हीवर गावाचा सॅटेलाइट फोटो दाखवला. "मी काय घार आहे, वरनं बघायला?" ती म्हणाली. तिला शिवार चालूनच माहीत होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणून दर शनिवारी सकाळी मी तिला मॉलमध्ये चालायला नेऊ लागलो. माझी मुलगी वही घेऊन सोबत. काकूने बुटांच्या दुकानाला मारुतीचं देऊळ ठरवलं आणि तिथून निघाली.

"हा म्हशीचा डोह. पुढे रुसवीचं रान. नवी नवरी इथं रुसून बसली, दिवस मावळेपर्यंत वऱ्हाड अडलं." कोणाची नवरी, का रुसली, सगळं तोंडपाठ.

फक्त एस्कलेटरपाशी आली की ती गप्प व्हायची आणि पुढे जायची. ओढ्याकाठचा तो तुकडा वहीत कोराच राहिला. मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, "राहू दे ते." विसरायला सुरुवात झाली, असं वाटलं. इतकी वर्षं आपण विचारलं का नाही, म्हणून स्वतःचाच राग आला.

चौथ्या शनिवारी मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आजी विसरली नाहीये. त्या स्पॉटला एव्हरी टाइम ती जॅकेटमधून पदर काढून नीट करते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओढ्याकाठचा तो माळ काकांनी एकट्याने दगड वेचून लागवडीला आणला होता. गाव त्या शेताला काकांच्याच नावाने ओळखत असणार, आणि काकू नवऱ्याचं नाव कसं घेणार? मी अंदाजाने लिहू शकलो असतो. पण नकाशात अंदाज मला चालत नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला तिच्याच तोंडून हवं होतं.

"काकू, उखाण्यात घ्या की."

ती बाकावर बसली. "अरे, हे जाऊन वीस वर्षं झाली. विधवेला उखाणा घ्यायला कोण सांगतं?"

"मी सांगतोय."

तिने पदर नीट केला. मग उठली आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला. त्यात दगड आले, ओढा आला, जोंधळा आला आणि शेवटी काकांचं नाव. येणारेजाणारे थांबून बघू लागले. तिचे डोळे वाहत होते, माझेही.

"लिही," ती मुलीला म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिही. उद्या मीच विचारलं, हे शेत कुणाचं, तर मला वाचून दाखव."