बोलावून मारलेलं पिल्लू

गाडी शिकवणाऱ्या त्या माणसाला सगळी वस्ती ब्रेकमास्तर म्हणायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा आणि तोंडानं लोण्यासारखं बोलायचं, हा त्याचा बावीस वर्षांचा धंदा. कुणी गाडी गटाराच्या तोंडाशी नेऊन उभी केली तरी हा म्हणणार, "छान थांबवलीत. आता गिअर काढा." बायका घरी जाऊन नवऱ्याला ऐकवायच्या, शिकावं तर मास्तरांकडं, तुम्ही क्लचच्या आधी माझा बाप काढता.

यात त्याचं साधुपण काही नव्हतं. घाबरलेल्या माणसाचा पाय ब्रेक सोडून भलतीकडंच पडतो, आणि शेजारी आपण बसलेलो असतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

अशा माणसाच्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलं तर त्याचं सोनंच होईल, असं त्याच्या बायकोला वाटलं. ती शाळेच्या ग्रंथालयात कामाला. लेक लग्न होऊन गेली, घर खायला उठलं, तेव्हा तिनं बरोबरच्या बाईकडून अडीच महिन्यांचं पिल्लू जुन्या ओढणीत बांधून आणलं. म्हणून त्याचं नाव गाठोडं. रंग राखेचा, पोट नगाऱ्यासारखं, आणि मुतायची जागा म्हणाल तर अख्खं घर.

बायकोची शिकवायची रीत साधी. शब्द एकच, 'ये'. आलं की लगेच खाऊ आणि पाठीवर हात. घरात घाण केली तर गप पुसायचं, बाहेर केली की कौतुक. आणि आज एक, उद्या दुसरं असं नाही; रोज तेच, त्याच आवाजात.

"तुमच्याकडूनच घेतलंय हे," ती म्हणायची. "तुम्ही तरी कुठं कुणावर आवाज चढवता?"

मास्तर मान हलवायचा आणि आतून खजील व्हायचा.

कारण दुपारी एकला तो जेवायला घरी यायचा, तेव्हा बायको शाळेत असायची. हा सकाळभर परक्यांच्या चुका गिळून आलेला. दार उघडावं तर पायपुसणं ओलं आणि चपलेचा पट्टा चावलेला. पहिल्या दिवशी तो मागं धावला तर पिल्लू कपाटाखाली घुसलं. मग यानं गाडीतला तो गोड आवाज काढला, "ये रे, ये." ते शेपूट हलवत आलं. यानं धरलं, नाक त्या ओल्यात दाबलं आणि गुंडाळलेल्या पेपरानं चार ठेवून दिल्या. दोन तासांपूर्वीचं मुतणं त्या जिवाला काय आठवणार? त्याला एवढंच कळलं की बोलावल्यावर गेलं की मार बसतो.

असे सोळा दिवस गेले. रोज हात धुताना मास्तर स्वतःशी म्हणायचा, उद्या नाही. आणि उद्या परत तेच.

"हल्ली बोलावलं की बिचकतं हो," बायको म्हणाली. "माझंच काहीतरी चुकतंय."

"वयच तसं असतं," मास्तर म्हणाला आणि ताटात बघत राहिला.

रविवारी सकाळी बायको कचऱ्याची बादली बाहेर ठेवून आली आणि फाटकाची कडी नीट बसली नाही. गाठोडं थेट रस्त्यावर. वळणावरून मोटारसायकल येत होती. पिल्लू मधोमध उभं राहून घराकडं बघत होतं. दोन उड्या मारल्या असत्या तर आत आलं असतं.

"ये!" मास्तर ओरडला. "गाठोड्या, ये!"

पिल्लानं त्याला पाहिलं, शेपूट पायात घातलं आणि उलटं पळालं, नेमकं चाकापुढं. मास्तरचा उजवा पाय जमिनीवर गच्च दाबला गेला. पण तिथं ब्रेक कुठला?

मागचा पाय मोडला. जनावरांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. टेबलावरचा कागद उचलून त्यांनी गुंडाळी केली, तर पिल्लू सपाट पडून मुतलं.

"याला घरात कुणी मारतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! आमच्याकडं चढा आवाजसुद्धा होत नाही," बायको म्हणाली आणि रडायलाच लागली. "कडी मी लावली नाही. माझ्यामुळं झालं सगळं."

मास्तर भिंतीवरचा गाईच्या दातांचा तक्ता वाचत उभा राहिला.

घरी आल्यावर तिनं कडीला तार बांधली, सोडली, परत बांधली. जेवली नाही. लेकीला फोनवर म्हणाली, "माझ्या हातून मरत होतं गं ते." हे मात्र मास्तरला ऐकवेना.

"कडीचं सोड," तो म्हणाला. "मी मारायचो त्याला."

"कधी?"

"दुपारी. तू नसताना. बोलवून घ्यायचो आणि मारायचो."

"मारलंत ते एक. पण बोलावून?"

मास्तर पायपुसणं सरळ करायला लागला.

"आणि मी माझी चूक शोधत बसले होते. तेव्हा सांगता नाही आलं?"

"लाज वाटली."

"लाज! परक्यांशी गोड बोलता, कारण तिथं तुमचा जीव गाडीत असतो. इथं तुमचं काय जाणार होतं?"

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवून टाकलं: 'ये' हा शब्द बाद. ती टाळी वाजवून बोलावणार. मास्तरनं बोलवायचंच नाही. दुपारी यायचं, फरशी पुसायची, खाली बसायचं, तळहातावर अंड्याचा तुकडा ठेवून दुसरीकडं बघायचं.

पाय जुळला, थोडा लंगडा राहिला. टाळी ऐकली की गाठोडं तिच्याकडं धावायचं. मास्तर आला की कपाटाखाली. तो भिंतीला टेकून बसायचा, गुडघे दुखेपर्यंत. कधीकधी त्यात जेवणही राहून जायचं.

दोन महिन्यांनी एका दुपारी ते निम्मं बाहेर आलं. तुकड्याकडं बघितलं, याच्या तोंडाकडं बघितलं आणि परत आत गेलं. संध्याकाळी त्यानं बायकोला तेवढंच सांगितलं.

"तुम्ही काही बोललात?"

"नाही."

"हात पुढं केलात?"

"नाही."

"मग उद्याही करू नका," ती म्हणाली आणि पिल्लाला घेऊन फिरायला गेली.