पल्याड उभी राहणारी बाई

वडवणीजवळच्या एका जत्रेत कुत्र्यांच्या शर्यतीला मी आमच्या बिस्कीटला घेऊन गेलो होतो. शर्यतीचं कुत्रं घरात ठेवलं की मऊ पडतं, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. मला स्वतःचं डोकं चालवायचा कंटाळा, म्हणून पंधरा दिवस त्याला शेतात एकटं बांधलं. तेवढेच दिवस लेक माझ्याशी बोलली नाही.

शेजारी एक बाई आपल्या सडपातळ कुत्रीचे पंजे पदराने पुसत बसली होती. ती एकेक बोट उघडून खडा शोधायची आणि कुत्री तिच्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटायची. ही कुत्री दोनदा पहिली आलीय, असं कळल्यावर मी विचारलं, "हिला शेतात बांधता का?"

"कशापायी? घरातच ऱ्हाती, लेकरांच्या अंथरुणात झोपती. दादा, मी शेवटच्या रेषेच्या पल्याड उभी राहून हाक मारती. माझी ओढ असंल तरच पळंल न्हवं? तुमचं कुणासाठी पळंल?"

शर्यत सुरू झाली तेव्हा मीही तिच्याशेजारी पल्याड जाऊन उभा राहिलो. तिची कुत्री सुटली ती थेट तिच्या अंगावर जाऊन पडली. बिस्कीट माझी हाक ऐकून अर्ध्या वाटेत थांबलं आणि भज्यांच्या गाड्याकडे वळलं.

मी तिथूनच घरी फोन लावला. लेकीनेच उचलला, पण बोलेना.

"बिस्कीटला घरी आणतोय."

"कायमचं?"

"कायमचं."

"मग या," ती म्हणाली. "तुमीबी या, पप्पा."