वैशालीची रायफल आणि माझी टेप

आयर्लंडमधल्या मेनूथच्या आमच्या गल्लीत मराठी घरं मोजून चार. पण किस्से असे साचतात, फ्रीझरमधल्या उरलेल्या भाज्यांसारखे, एक काढायला जावं तर चार हाताला चिकटून येतात! परवा हळदीकुंकवाला मंदा तिच्या किचनमध्ये कुणाला तरी सांगत होती, "वैशालीची रायफल लांबीला कमी भरली. आता गार्डा घरी येणार आणि..."

नेमका मिक्सर लागला! तो बंद होईपर्यंत विषय इडलीच्या पिठावर.

पुढचं मीच जुळवलं. पोलीस येणार आणि रायफल घेऊन जाणार!

*

वैशाली आमच्या शेजारची, आयटीतली. बाकीच्या योगाला जातात, ही शूटिंग क्लबात. कागदावरच्या गोलांवर नेम धरते. पहिलं मेडल आणलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "काय नजर आहे पोरीची!"

लग्न झाल्यापासून बिनचष्म्याची सुईत दोरा ओवतेय मी. माझ्या नजरेबद्दल कधी अवाक्षर?

*

एकदा तिच्याकडे भलामोठा खोका उतरला. मी सहजच कुंपणाशी होते.

"नवा फ्रीज का गं?"

"नाही ताई, रायफलीची तिजोरी. ठेवावीच लागते."

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "आपल्याकडेही कुलपात ठेवण्यासारखं काही आणा की!"

"केशर आहे ना," पेपरातून मान वर न काढता उत्तर आलं.

*

मग ती माझी शिवणाची टेप मागायला आली. हात आखूड म्हणून तिने रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यामागच्या दोन जाड पट्ट्या काढल्या होत्या. आता लायसन्स रिन्यू करायचं, आणि तिची रायफल नव्वद सेंटीमीटरच्या वर हवी. कमी भरली तर पोलिसातल्या वरच्या साहेबाची वेगळी परवानगी, तीही मिळेलच असं नाही.

टेप नुसती देते होय मी? स्वतः गेले! दस्त्यापासून सुरुवात केली, प्रत्येक वळण घेतलं, खोलगट भागात टेप दाबून बसवली, ती थेट नळीच्या टोकापर्यंत. त्र्याण्णव!

"ब्लाऊज असो नाहीतर बंदूक, माझं माप चुकत नाही!"

*

माझं माप ऐकून क्लबातले म्हातारे पॅडी हसून खुर्चीतून पडायचेच बाकी होते म्हणे. नळीच्या तोंडाशी फिरवून बसवलेला तुकडा त्यांनी आधी काढला, तो लांबीत धरत नाहीत. मग नळीला समांतर, सरळ रेषेत मोजलं. एकोणनव्वद!

"ताई, वळणं मोजायची नसतात हो!" वैशाली फोनवर रडवेली. "लायसन्स गेलं तर माझी स्पर्धाही गेली."

"अगंबाई!" मी म्हटलं. पण खरं सांगू? आत कुठेतरी गार वाटलं.

*

आणि काल सकाळी तिच्या दारात खरंच गार्डाची गाडी! मी चिवड्याचा डबा उचलला आणि निघाले. अशा वेळी शेजाऱ्याने जायला नको?

आत टेबलावर रायफल, काढलेल्या पट्ट्या परत बसवलेल्या. सार्जंट टेपचं एक टोक धरून वाकलेला. टेप माझीच.

"नाइन्टी टू. दॅट्स ग्रँड!" तो म्हणाला, चहा प्यायला, आणि रायफल तिथेच ठेवून गेला.

टेपच्या दुसऱ्या टोकाला आमचे हे! पडद्याचं माप घ्यायला बोलावलं की ज्यांचा खांदा दुखतो, ते. चक्क गुडघे टेकून!

मला बघून म्हणाले, "हे बघ, टेप अशी सरळ धरायची असते."