तिन्ही मजल्यांवरचा सूक्ष्मदर्शक

कल्पना करा, विद्यापीठाची तपासणी करायला आलेली समिती लिफ्टने वर निघालीय आणि तिच्या आधी तुम्हाला मागच्या जिन्याने पोहोचायचंय, तान्ह्या बाळासारखा सूक्ष्मदर्शक कुशीत घेऊन. आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, सगळ्यांचे मामा, हे दरवर्षी करतात. चांगला सूक्ष्मदर्शक एकच आणि विभाग तीन, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर तो त्या विभागाचाच असतो.

यंदा तिसऱ्या मजल्यावर समितीतल्या बाईंनी विचारलं, "दम लागलाय का तुम्हाला?"

"नाही बाई, संशोधनाचा उत्साह आहे," मामा म्हणाले.

त्या तपासणीनंतर विद्यापीठ देशात चाळिसाव्या क्रमांकावरून एकविसाव्यावर आलं. संशोधनाचा निधी दुप्पट झाला. मामांचे गुडघे केव्हाच कुरकुरायला लागले होते. आता आणखी दोन सूक्ष्मदर्शक येतील आणि आपली चढउतार संपेल, या आशेने त्यांनी आमच्या विभागप्रमुखांकडे अर्ज दिला.

विभागप्रमुखांनी समितीचा अहवाल त्यांच्यापुढे सरकवला. "मामा, आपल्याकडे तीन आहेत असं इथे छापलंय. चौथा कोण मंजूर करणार?"

मामांनी ती ओळ दोनदा वाचली.

"बरं साहेब. मग बाकीचे दोन कुठे ठेवलेत, तेवढं सांगता का?"