एकशे नव्वद मिनिटं बाकी

पडद्यावर कागद एका फोल्डरमधून दुसऱ्यात उडत होते आणि खाली लिहून आलं होतं, एकशे नव्वद मिनिटं बाकी. दहा मिनिटांनी पाहिलं तर दोनशे दहा! शिव्या द्यायला मला समोर माणूस लागतो, यंत्राला देऊन समाधान होत नाही. मी उठलो, बसलो, चहा सांगितला, गार होऊ दिला, पुन्हा उठलो.

आष्टीत माझं डीटीपीचं दुकान होतं. एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चार महिने खपून जुळवली आणि ऐन नवरात्रात जुना कॉम्प्युटर मेला. त्याची हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली होती. दसऱ्यानंतर नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा ती घाईघाईत त्यात बसवली. एक वाजता लाइट जाणार होती. त्याआधी सगळं नव्यात उतरवून, सीडी करून, दीडच्या एसटीने नगरच्या छापखान्यात पोचवायचं होतं.

वेळेत न दिल्यामुळे दोन कामं मी आधीच घालवली होती. तिसरं गेलं तर दुकानाला कुलूप लावून घरच्या किराणा दुकानात बसायचं, असं थोरल्या भावाने बजावलं होतं. वडिलांमागे घरात त्याचाच शब्द चाले. गुळाच्या भेल्या फोडत आयुष्य काढायची माझी तयारी नव्हती.

त्या सकाळी तोच दारात आला. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांची त्याच्या दुकानात झुंबड होती, तरी आला.

"न्हाई झालं आजून?"

"तुला हे बंदच पडायला हवंय, दादा. सरळ सांग ना!"

"कावून वरडायलास? इचारलं नुस्तं," म्हणाला आणि गेला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी घड्याळ बघत होतो.

व्हायरस शोधला, सापडला नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कॉपी तोडली, पुन्हा लावली, आणि दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. इतका वेळ गप्प बसलो असतो तर निम्मं काम उरकलं असतं, पण गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. शेवटी बारा वाजता कॉम्प्युटरचा डबा उघडला, केबल उपसली आणि डिस्क बाहेर काढून उलटी केली.

तिच्या पोटावर, हिरव्या पट्टीवर, तीन बोटं भस्म होतं.

खंडेनवमीला लोक हत्यारांना हळदकुंकू वाहतात. आम्ही शंकराची माणसं, पण मीसुद्धा कुंकवाचं बोटच टेकवतो. भाऊ मात्र तराजू, मापं, गल्ला, सगळ्यांना ओलं भस्म लावतो, तीन बोटं आडवी. तिसरं बोट घसरून केबल बसते त्या पिनांत गेलं होतं आणि मुळाशी राख वाळून बसली होती. केबल धड टेकतच नव्हती, म्हणून कॉम्प्युटर तोच तोच मजकूर पुन्हा पुन्हा मागत होता.

दात घासायचा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून पिना घासल्या. केबल लावली. चार मिनिटांत सगळं उतरलं. सीडी झाली, आणि मग लाइट गेली.

भाऊ मोटारसायकल घेऊन दाराशी उभा होता. मी मागे बसलो.

"काय झालतं?"

"पिना मळल्या होत्या."

बाजारतळाशी त्याने गाडी हळू केली. मग मान न वळवता म्हणाला, "नवमीला तू गावात गेलतास, तवा तुज्या त्या डबीला भस्म लावलं मी. म्हणलं, चालू दे बाबा ह्याचं. लागू पडलं बग."

सकाळचं वाक्य परत गिळता येत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं.

"हो दादा," मी म्हणालो.

समोर एसटी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता, आणि मला गाडीवरून उतरवेना.