हसू कापणारा प्रोग्राम

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अंबडच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनल बनवत होतो. तेव्हा शहरातल्या एका डॉक्टरबाईंनी मला त्यांच्या संशोधनात ओढलं. नवरा-बायकोतल्या ओढीने शरीरात काय बदलतं, हे त्यांना मोजायचं होतं. बोटाला सेन्सर, कानात प्रेमाच्या संवादांची टेप आणि संगणकावर नाडीची नि घामाची रेघ. हलण्या-खोकण्याने रेघेत येणारी गडबड आपोआप काढून निकाल देणारा प्रोग्राम मी लिहायचा होता. घरी मी नुसतं 'हृदयाचं मशीन' म्हणालो. आईने लगेच शेजारच्या काकांची छाती तपासून द्यायचं कबूल करून टाकलं.

गडबड कशी दिसते हे प्रोग्रामला शिकवायला मी स्वतःच खुर्चीत बसलो. खोकलो, हललो, हसलो, आणि ते सगळं कापायचं ठरवलं. लग्न न झालेल्या माणसाची अक्कल तेवढीच.

मग कळवणचा एक शेतकरी आला. लग्नाला वर्ष झालेलं, आणि आपल्यात काही कमी आहे अशी धास्ती त्याच्या मनात बसलेली. बायको बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. टेप संपली आणि पडद्यावर मी हौसेने मराठीत लिहिलेला निकाल आला: 'प्रतिसाद नाही.' डॉक्टरबाई काही बोलायच्या आत त्याने तो वाचला.

"म्हंजे माझ्यात काय नाय," तो हळूच म्हणाला. "तिला काय सांगू आता?"

मला माझीच लाज वाटली. मी न कापलेली रेघ उघडली. ती सुरुवातीपासून थरथरत होती, खुर्चीत मी हसलो तेव्हा माझी थरथरली होती तशीच. टेपभर तो हसू दाबत बसला होता, आणि माझ्या प्रोग्रामने जवळपास अख्खा माणूसच गडबड म्हणून फेकून दिला होता.

डॉक्टरबाईंनी हसण्याचं कारण विचारलं. टेपवरची बाई बातम्या दिल्यासारखं प्रेम करते, घरी असं कोण बोलतं, असं त्याचं म्हणणं.

मग त्यांनी बायकोलाच आत बोलावलं आणि घरी बोलतेस तसं बोल म्हणाल्या. ती आधी तोंडाला पदर लावून बसली. नंतर सकाळी न खाता निघाल्याबद्दल त्याला रागावली. मग आवाज खाली आला, हात किती गार पडलाय म्हणाली, आणि त्याचा मोकळा हात तिने हातात घेतला. तो हसला नाही. रेघ चढायला लागली.

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू बोल," तो म्हणाला. "थांबू नको."