जिन्यातून गायलेलं गाणं

अमरत्व माणसाला निवडतं, माणूस अमरत्वाला निवडत नाही, असं मोठे लोक सांगतात. पिंपरीतल्या तीन भावंडांना अमरत्वानं निवडलं ते साडेतीन मिनिटांसाठी, आणि तेही भर दुपारी, लोक जेवायला बसलेले असताना.

दोघे भाऊ आमच्या कारखान्यात लेथवर होते. थोरला अकॉर्डियन वाजवायचा, धाकटा बोंगो. गायची त्यांची मोठी बहीण. तिला सगळे आपा म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. सराव वडिलांच्या गॅरेजमध्ये चाले. भिंतीपलीकडे पत्रा ठोकायची शेड होती. तिच्या वरताण गायचं, एवढंच आपाचं संगीतशिक्षण.

सत्तरीच्या दशकात मुंबईत त्यांची पहिली रेकॉर्ड झाली. धाकटा सांगायचा, रेकॉर्डिस्ट काचेआडून म्हणाला, "बाई, दोन पावलं मागे." मग, "अजून दोन." शेवटी आपा म्हणाली, "साहेब, आता जिना लागला."

"मग जिन्यातून गा."

म्हणून त्या गाण्यात वाद्यं जवळ आहेत आणि आवाज नदीपलीकडून आल्यासारखा. कुणीतरी हाक मारतंय आणि आपल्यालाच मारतंय, असं वाटायचं. रेडिओवर ते लागलं की कँटीनमध्ये ताटांचा आवाज थांबे. मी सहसा कशाला भुलत नाही. पण घास हातात धरून बसायचो.

दुसऱ्या रेकॉर्डचं बोलावणं आलं. ही चालली तर पुढे आणखी काढू, असं कंपनीनं कळवलं. भाऊ नोकरी सोडायच्या गोष्टी करू लागले. लेथवरच्या दोस्तांनी त्यांच्या पाळ्या वाटून घेतल्या. "जा राव, मशीन काय पळून जात न्हाई."

आपानं मात्र ठरवलं, या खेपेला जिन्यात उभं राहायचं नाही. पिंपळे गुरवला मावशीकडे राहून, दारं-खिडक्या लावून, महिनाभर तिनं हळू गायची सवय केली. मुंबईत ती माइकला खेटून उभी राहिली. रेकॉर्डिस्टनं एकदाही टोकलं नाही. गाणं सुरेख झालं, आणि कुणाचंही असू शकलं असतं. ते चाललं नाही. भाऊ लेथवरच राहिले. आपानं गाणं सोडलं. म्हणाली, "मोठ्यानं गायची लाज वाटते आणि हळू गायलं तर कुणी ऐकत नाही."

दोन वर्षांनी खंडेनवमीला भावांनी तिला कसंबसं कारखान्यात आणलं. त्या दिवशी यंत्रं बंद असतात, त्यांना हार घालतात, घरची मंडळी बघायला येतात. साहेबांनी संगीत आणि उत्पादन या विषयावर पाऊण तास भाषण केलं. तेवढा वेळ माइक उत्तम चालला. आपा उभी राहिली आणि तो गप्प झाला.

तिनं भावांकडे पाहिलं. ती स्टेजवरून खाली उतरणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

थोरला हळूच म्हणाला, "आपा, शेड चालू आहे असं समज."

तिनं माइक त्याच्या हातात दिला आणि ते जुनं गाणं धरलं. दहा वर्षं त्या छपराखाली मी यंत्रांशिवाय काही ऐकलं नव्हतं. तो आवाज लेथच्या रांगांवरून सरळ गेटपर्यंत गेला. वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहिला, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. लहान पोरंसुद्धा हलली नाहीत. इतक्या माणसांना एकदम श्वास रोखून बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

गाणं संपल्यावर साहेब पुन्हा उठले. झाल्या गैरसोयीबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या वर्षीसाठी नवा माइक मंजूर केला.